मराठवाड्याच्या ४६ आमदारांना खुले पत्र: निधीचं नंतर, आधी तक्ता मागा

सन्माननीय आमदार महोदय आणि महोदया,

स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेतून विस्तार अधिकारी (सांख्यिकी) या पदावरून निवृत्त झालेला माणूस आहे. हे पद तुमच्या फारसं नजरेत भरलेलं नसणार. पंचायत समितीच्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत एक जण बसलेला असतो. त्याच्या टेबलावर ‘अत्यंत तातडीचे’ असा लाल शेरा मारलेली पत्रं पडलेली असतात, आणि गटविकास अधिकारी दिवसातून एकदा विचारतात, "गेली का माहिती?" तो मी. बांधकामवाल्याकडे ठेकेदार येतात, शिक्षणवाल्याकडे गुरुजी येतात. आकडेवाल्याकडे कुणी येत नाही. त्यामुळे आमचं कुणाशी भांडण होत नाही आणि बोलायची सवयही लागत नाही. हे पत्र लिहायला उशीर झाला तो त्यामुळे.

३० एप्रिल २०२० रोजी मराठवाडा विकास मंडळाची, म्हणजे आपण राज्याच्या किती मागे आहोत याचा तक्ता ठेवणाऱ्या संस्थेची, मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. ते टाळेबंदीचे दिवस. मयतीला वीसच्या वर माणसं जमायला बंदी होती. या मयतीला वीससुद्धा जमली नाहीत. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र राज्याला साठ वर्षं पूर्ण झाली. तुमच्यापैकी अनेकांचे शुभेच्छांचे फोटो त्या दिवशी माझ्या मोबाईलवर आले. मंडळाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मी कुणाला नावं ठेवत नाही, कारण मीही कुणाला फोन केला नाही.

आता नावापासूनच सुरुवात करावी लागते. आपल्याकडे लोक शेवटपर्यंत ‘वैधानिक विकास महामंडळ’ म्हणत राहिले. महामंडळ म्हटलं की कर्जाचा फॉर्म, अध्यक्षाची गाडी आणि कार्यकर्त्याची सोय डोळ्यांपुढे येते. हे महामंडळ नव्हतं, मंडळ होतं. एकूण सात जण: विभागातला एक आमदार, स्थानिक स्वराज्य संस्थेतला एक सदस्य, तीन तज्ज्ञ, विभागीय आयुक्त आणि सदस्य सचिव. नेमणूक राज्यपालांची. मधली काही वर्षं थोडाफार विशेष निधी मंडळाच्या हाती असायचा, पण ते त्याचं मुख्य काम नव्हतं. मुख्य काम होतं मोजायचं. मराठवाडा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते मोजायचं, राज्यपालांना सांगायचं, आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जायचा. संविधानाच्या कलम ३७१(२) मध्ये हेच लिहिलेलं आहे. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र मंडळं, विकास खर्चाची न्याय्य वाटणी, तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत पुरेशी संधी. आणि या सगळ्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर.

हे कलम आकाशातून पडलं नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो. तेव्हा मराठवाड्यात पाच जिल्हे होते: औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. पुढे २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. त्यात मागास मराठवाड्याकडे विशेष लक्ष देण्याचं आणि दरवर्षी विधानसभेला अहवाल देण्याचं वचन आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो. ‘मराठवाडा बिनशर्त आला’ हे वाक्य आपल्याकडे दर मुक्तिदिनाला झेंड्याखाली मोठ्या अभिमानाने म्हटलं जातं. मी ते ऐकून ऐकून म्हातारा झालो. बिनशर्त येणं हा मनाचा मोठेपणा खरा, पण माझ्यासारख्या आकडेवाल्याला त्यात पावती न घेता दिलेले पैसे दिसतात.

पावती तशी होती, ३७१(२) हीच ती पावती. पण ती पेटीत पडून राहिली. १९५६ साली कलम आलं आणि मंडळ आलं १९९४ साली. मध्ये ३८ वर्षं गेली. त्या काळात १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन झालं, विद्यार्थी रस्त्यावर आले, गोविंदभाई श्रॉफांनी जनता विकास परिषदेच्या मार्फत हा विषय आयुष्यभर लावून धरला. माझ्या पिढीतल्या अनेकांना ‘अनुशेष’ हा शब्दच गोविंदभाईंच्या भाषणातून कळला. त्याआधी आम्ही ‘आपल्यावर अन्याय होतो’ एवढंच म्हणायचो. अन्याय किती रुपयांचा, ते सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने. १९८३ साली शासनाने प्रादेशिक असमतोल तपासायला ती नेमली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, जमीन सुधारणा, पशुवैद्यकीय सेवा अशा एकेका क्षेत्रात जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती खाली आहे, आणि तो सरासरीला आणायला किती पैसे लागतील, असा तो हिशोब होता. पद्धत साधी, एखाद्या मास्तरांनी फळ्यावर समजावून सांगावी तशी. एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, म्हणजे २३.५६ टक्के.

दहा वर्षांनी, १९९४ च्या मे महिन्यात, डॉ. पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना मंडळं अस्तित्वात आली. मग निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर पुन्हा मोजणी केली. एकूण अनुशेष १४,००६.७७ कोटी, मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी. सभेत भाषण करणारे सांगायचे, अनुशेष पाचपट झाला. मी तसं म्हणणार नाही. दहा वर्षांत भाव वाढले होते, मोजायच्या पट्ट्याही बदलल्या होत्या, त्यामुळे रकमेशी रक्कम लावणं फसवं आहे. वाटा बघा. २३.५६ टक्क्यांवरून तो २८.५९ टक्क्यांवर गेला. राज्याच्या लोकसंख्येत आपण साधारण सहावा हिस्सा आहोत, आणि राज्याच्या मागासलेपणात पाव हिश्श्याहून जास्त. दांडेकरांनी दुखणं दाखवून दिल्यानंतरच्या दहा वर्षांतली ही गोष्ट आहे. आणि त्याच दहा वर्षांत सलग तीन वर्षं मुख्यमंत्री आपला होता.

हे आकडे कसे जमतात ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही त्यांच्यावर भाषणं केली आहेत आणि मी ते भरले आहेत.

मुंबईहून औरंगाबादला, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला प्रपत्र यायचं. आडवा फुलस्केप, वीस-बावीस रकाने. गावाचं नाव, बारमाही रस्त्याने जोडलेलं आहे का, शाळेच्या खोल्या किती, दवाखाना किती किलोमीटरवर, विहिरींवर वीजपंप किती. खालून ग्रामसेवक माहिती देणार, मी ती चढवणार, बेरीज मारणार, वर पाठवणार. ग्रामसेवकाकडे सहा-सहा गावं. निम्मी माहिती यायचीच नाही. मग ‘निरंक’ लिहायचं की गेल्या वर्षीचा आकडा पुढे ओढायचा, हा प्रश्न. आता निवृत्तीवेतन सुरू झालेलं आहे म्हणून कबूल करतो, मी अनेकदा गेल्या वर्षीचाच आकडा ओढला आहे. दोन-चार विहिरी वाढवून. अगदी तेवढाच ठेवला तर वरून विचारणा यायची, की प्रगती का नाही.

एकदा मात्र मी स्वतः गेलो होतो. रस्त्याच्या रकान्यात एका वस्तीपुढे ‘जोडलेले’ असं गेली कित्येक वर्षं लागत होतं. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून चार किलोमीटर चालत. जूनचा शेवटचा आठवडा होता आणि आदल्या रात्री पाऊस झालेला. आपल्या काळ्या मातीचा चिखल तुम्हाला सांगायला नको. आधी चप्पल धरतो, मग पाय धरतो. मी चपला हातात घेऊन, प्रपत्राची गुंडाळी काखेत मारून चाललो होतो. एका ओढ्यावर बैलगाडी रुतलेली, आणि तिचा म्हातारा मालक शांतपणे बांधावर तंबाखू मळत बसलेला. त्याने विचारलं, "काय लिहायलाव, साहेब?" मी म्हणालो, रस्त्याची माहिती घ्यायला आलोय. तो म्हणाला, "घ्या की. ही काय, इथंच हाय सगळी."

परत येऊन मी त्या वस्तीपुढे ‘जोडलेले नाही’ असं लिहिलं. वरून पत्र आलं, की मागील अहवालाशी तफावत का, खुलासा करा. मी खुलासा केला. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात आमच्या तालुक्याचा एक आकडा बरोबर होता. माझ्या सगळ्या नोकरीत मी स्वतः पायी जाऊन दुरुस्त केलेला हा एकच आकडा, आणि मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

हे मुद्दाम सांगितलं, कारण मंडळाची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. तक्त्यात चुका होत्या. आमच्या रकान्यात नळयोजना आहे की नाही एवढंच होतं, नळाला किती दिवसांनी पाणी येतं हा रकानाच नव्हता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या शहराला नळ नव्हते म्हणून गाडी आली नाही. हा दोष प्रादेशिक असमतोल पुन्हा तपासणाऱ्या विजय केळकरांच्या समितीनेही ओळखला होता. ती समिती २०११ साली नेमली, २०१३ साली तिने अहवाल दिला, २०१४ च्या डिसेंबरात तो सभागृहापुढे आला. त्यात तालुका हा घटक धरायची आणि पाण्याला अग्रक्रम द्यायची सूचना आहे. त्या अहवालावर किती तास चर्चा झाली आणि त्यात आपल्याकडचे किती जण बोलले, हे तुम्हीच आठवून पाहा.

मंडळाला दात नव्हते असं म्हणतात. तेही अर्धंच खरं आहे. मंडळाला नव्हते, पण राज्यपालांना होते. निधीवाटपाबाबत राज्यपालांचे निर्देश शासनावर बंधनकारक आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २००८ साली सांगितलं. खटला विदर्भातल्या लोकांनी लढवला. त्यांचा पैसा, त्यांचे वकील, त्यांची चिकाटी. निकालाचा फायदा आपल्यालाही होता. औरंगाबाद खंडपीठ आपल्याकडे १९८१ पासून आहे, पण हा प्रश्न नागपुरातून सुटला. विदर्भवाले दर हिवाळ्यात सभागृह डोक्यावर घेतात, म्हणून त्यांना नावं ठेवणारे आपल्यात खूप आहेत. मला त्यांचा हेवा वाटतो.

मंडळाची मुदत संपल्यावर काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात विषय निघाला, तेव्हा सत्ताधारी बाकावरून उत्तर आलं, की विधान परिषदेच्या १२ राज्यपालनियुक्त जागांची नावं जाहीर होऊ द्या, मंडळांचंही लगेच होईल. मी ते टीव्हीवर ऐकलं. हातातला चहा तसाच राहिला. बारा जणांच्या खुर्च्यांना पावणेदोन-दोन कोटी लोकांचा हिशोब बांधून ठेवला होता, आणि ते कुणी लपवतही नव्हतं. विरोधक त्या दिवशी तावातावाने बोलले. नंतर बाकं बदलली, विरोधक सत्तेत आले. २०२२ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने तिन्ही मंडळं पुन्हा स्थापन करायला मान्यता दिली, विषय दिल्लीच्या दाराशी गेला. त्यानंतर तुमच्यापैकी कुणी दिल्लीला त्यासाठी गेलं असेल तर मला आनंदच होईल.

कुणी म्हणेल, संस्था येतात आणि जातात, त्यात एवढं काय. बरोबर आहे. मराठवाड्याने याआधीही संस्था जाताना पाहिल्या आहेत. हैदराबाद संस्थानातून आपल्याकडे जिल्हा बोर्डं आली होती. १९६१ चा जिल्हा परिषद कायदा १ मे १९६२ पासून लागू झाला आणि बोर्डं संपली. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ३० एप्रिलला ते जुन्या व्यवस्थेचे नोकर म्हणून झोपले आणि १ मेला जिल्हा परिषदेचे नोकर म्हणून उठले. शाळा तीच, फळा तोच, हजेरीच्या वहीवरचं नाव तेवढं बदललं. बोर्डासाठी कुणी रडलं नाही, कारण त्याच्या जागी दुसरं आलं होतं, आणि ते आधीच्यापेक्षा मोठं होतं. २०२० च्या ३० एप्रिलनंतर उजाडलेल्या १ मेला आपल्याकडे काय आलं? ती जागा तशीच मोकळी आहे.

मोकळी कशी, पॅकेज आहे की, असं तुम्ही म्हणाल. २०१६ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२३ साली मुक्तिदिनाच्या तोंडावर मंत्रिमंडळाची बैठक इकडे झाली. हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. वर्तमानपत्राचं पहिलं पान भरलं. पण पॅकेज आणि तक्ता यांत फरक आहे. पॅकेजमध्ये आपल्याला काय देणार ते असतं. तक्त्यात आपल्याला आणि शेजारच्याला काय मिळालं ते एकाखाली एक असतं. लग्नात आहेर किती आला हे मांडवात ओरडून सांगतात, पण वाटणीचा सातबारा तलाठ्याकडेच बघावा लागतो. आपण सगळी मांडवातच बसून राहिलो आहोत.

तुमच्यापैकी एका ज्येष्ठांना मी एका लग्नात हे बोललो होतो. ते म्हणाले, "अहो, आता अनुशेष राहिलाच कुठे, तो भरून निघाला." कागदावर हे खरं आहे. १९९४ च्या मोजणीचा पैशातला अनुशेष टप्प्याटप्प्याने भरल्याचं दाखवलं गेलं, आणि सिंचनाचा शेवटी अमरावती विभागातल्या जिल्ह्यांपुरता उरला. पण हा १९९४ च्या सरासरीपर्यंत पोचण्याचा हिशोब होता. उरलेला महाराष्ट्र १९९४ साली थांबून आपली वाट पाहत बसला नव्हता. त्यानंतरचा अनुशेष किती, याचं उत्तर कुणाकडे असेल तर ते रुपयांत द्यावं. मी बेरीज तपासून देईन.

म्हणून माझी मागणी निधीची नाही. निधी तुम्ही मागताच, आणि तुमच्या मतदारसंघापुरता तुम्हाला मिळतोही. मंडळ परत आणा, हे तर आहेच. संविधानातलं कलम कुठे गेलेलं नाही, मुदतवाढीचा रस्ता तुम्हाला माहीत आहे आणि सभागृहात तुम्ही ४६ आहात. पण मंडळ येईपर्यंत थांबायचं कारण नाही. नियोजन विभागाला विभागवार खर्च विचारता येतो. रस्ते, सिंचन, वीजपंप, आरोग्य केंद्रं, तंत्रशिक्षणाच्या जागा, सरकारी नोकरभरती, हे सगळं २०२० पासून वर्षवार, विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र अशा तीन ओळींत. आणि या वेळी नळाला किती दिवसांनी पाणी येतं, तो रकाना घालायला विसरू नका. पक्ष वेगळे असले तरी एका कागदावर ४६ सह्या होऊ शकतात. १९८४ साली मंडळांची मागणी करणारा ठराव विधिमंडळाने एकमताने केला होता, तेव्हाही सभागृहात पक्ष होतेच.

ही माहिती खाली मागितली जाईल तेव्हा ती जिन्याखालच्या खोलीत येईल. तिथे आता माझ्या जागी कुणी बसतं की पद रिक्त आहे, तेही जाताजाता बघा. मी निवृत्त झालो तेव्हा माझा पदभार शेजारच्या तालुक्याच्या माणसाकडे ‘अतिरिक्त’ म्हणून दिला होता.

तारांकित प्रश्नाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. दोन पानं आहेत, सोबत रकान्यांचा नमुना जोडला आहे, आडव्या फुलस्केपवर, पट्टीने रेघा मारून. तुमच्यापैकी कुणाच्याही संपर्क कार्यालयात आणून द्यायची माझी तयारी आहे. सकाळची वेळ सांगितली तर बरं, दुपारच्या उन्हात एसटीने येणं आता झेपत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त विस्तार अधिकारी (सांख्यिकी)